पुसलं तरी काउंट उतरत नाही

"मॅडम, चार वेळा पुसलं. अजून साडेचारशेच दाखवतंय. आता ॲसिड मारू का?"

किरणोत्सर्गी औषध सांडलं, पुसलं, तरी मीटरवरचा काउंट (मिनिटाला मोजलेल्या किरणांचा आकडा) उतरत नाही, असा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: फडकं खाली ठेव, आणि ॲसिडची बाटली जिथे आहे तिथेच राहू दे.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी औषधांनी तपासणी आणि उपचार होतात त्या विभागात, मी टेक्नॉलॉजिस्ट म्हणून आले. आता रेडिएशन सेफ्टी ऑफिसरचं, म्हणजे आरएसओचं काम बघते. हॉट लॅबचा (ही औषधं तयार करायच्या खोलीचा) ओटा, इंजेक्शन रूमची फरशी आणि किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्या पेशंटचं टॉयलेट, या तीन जागांनी माझे जितके तास खाल्ले तितके कुठल्याच मशीनने खाल्ले नसतील. एवढ्या वेळा हे निस्तरल्यावर माझं मत असं झालंय, की "न निघणाऱ्या" दूषिततेत निम्म्याहून जास्त वेळा पृष्ठभाग स्वच्छच असतो आणि चूक मोजणीत असते. आपण मात्र मीटर सोडून ओट्यालाच घासत बसतो.

खालचं सगळं रोजच्या छोट्या सांडलवंडीसाठी आहे. आयसोटोप, म्हणजे औषधातले किरणोत्सर्गी अणू, नेहमीचे: टेक्नेशियम-९९एम, आयोडीन-१३१, फ्लोरिन-१८, ल्युटेशियम-१७७. मीटर म्हणजे पॅनकेक प्रोबचा (चपट्या, गोल तोंडाचा) साधा जीएम, म्हणजे गायगर-म्युलर. व्हायल (औषधाची कुपी) फुटली असेल किंवा कुणाच्या अंगावर सांडलं असेल, तर इथे वेळ घालवू नका, थेट शेवटचा भाग वाचा.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

– पुसल्यावर काउंट जेमतेम उतरतो किंवा उतरतच नाही.
– पुसल्यावर लगेच कमी होतो, अर्ध्या तासाने पुन्हा वर.
– सकाळी स्वच्छ, अकराच्या सुमाराला "घाण", संध्याकाळी पुन्हा स्वच्छ.
– ओट्यावर, भिंतीवर, दाराबाहेर, सगळीकडे सारखाच जास्त.
– प्रोब धरला की भरपूर, पण वाइप (कागदाने पुसून घेतलेला नमुना) घेऊन मोजला तर काहीच नाही.
– एक जागा स्वच्छ झाली की डाग दुसरीकडे निघतो.
– काटा थरथरतो, मधेच उडी मारतो, किंवा जिथे भरपूर असायला हवं तिथे शून्य.

आधी ग्लोव्ह्ज बदला

यासाठी एक मिनिट लागतं. ज्या ग्लोव्ह्जनी तुम्ही सांडलेलं पुसलं त्याच ग्लोव्ह्जनी मीटरची मूठ धरली, दार उघडलं, रजिस्टर लिहिलं. डाग "सरकतो" तो असा. एका ठिकाणी तीन दिवस आम्ही फरशी मोजत होतो आणि खरा डाग कॉम्प्युटरच्या माउसवर होता. तो रोज कुणाच्या तरी तळव्यावरून पुन्हा ओट्यावर यायचा. म्हणून आधी जुने ग्लोव्ह्ज कचऱ्यात, मग नवे, मग आपले दोन्ही हात प्रोबखाली, मग बुटांचे तळ. त्यानंतर दाराची मूठ, पेन, फोन, ड्रॉवरचं हँडल. ओटा सगळ्यात शेवटी.

याच वेळी घड्याळ बघून वेळ आणि आकडा लिहून ठेवा. त्याचं काम पुढे आहे.

मीटर शुद्धीवर आहे का?

बॅटरी टेस्टचं बटण दाबा. काटा खुणेच्या आत येत नसेल तर पुढे काही मोजू नका. बॅटरी उतरली की ट्यूबला पुरेसं हाय व्होल्टेज मिळत नाही. मग मीटर बंद पडत नाही, नुसता खोटं बोलायला लागतो, आणि तेच जास्त धोक्याचं.

मग चेक सोर्स, म्हणजे मीटर तपासायला ठेवलेला छोटा किरणोत्सर्गी नमुना. रोज त्याच अंतरावर धरून येणारा आकडा मीटरच्या पाठीवर चिकटवलेला असावा. आजचा आकडा त्याच्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त हलला तर मीटर दुरुस्तीला. चेक सोर्सच हरवलाय असं ऐकायला मिळालं तर मी आधी ओरडते, कारण तोही हिशेबातला सोर्स आहे, आणि मग पिशवीतून पोटॅशची पुडी काढते. म्युरेट ऑफ पोटॅश, आपलं उसाला घालतात तेच खत. त्यातल्या पोटॅशियम-४० मुळे एका ग्रॅममध्ये साधारण १६ बेकरेल असतात (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). सीलबंद चपटी पिशवी प्रोबखाली धरली की काउंट बॅकग्राउंडच्या, म्हणजे डाग नसतानाही येणाऱ्या आकड्याच्या, वर उठलेला स्पष्ट दिसतो. कॅलिब्रेशन यावर होत नाही, पण मीटर जिवंत आहे की नाही ते कळतं. पूर्वी याच कामाला पेट्रोमॅक्स बत्तीची थोरियमवाली मँटल वापरायचे. ती मिळाली तर पाकीट फोडू नका, तिची राख आणि धूळ श्वासात जायला नको.

जून ते सप्टेंबर या काळात केबलकडे संशयाने बघा. कोकणपट्टीत तर हमखास. कनेक्टरमध्ये दमट हवा शिरली की हाय व्होल्टेज गळतं आणि मीटर आपल्याच मनाने टकटकायला लागतो. प्रोब स्थिर ठेवून केबल हळूच हलवा. काटा केबलबरोबर नाचला तर आजार सापडला. कनेक्टर सुकवा, नाहीतर केबल बदला. ओटा घासून यातलं काही सुधारणार नाही.

शून्य दिसलं तर खूश होऊ नका. जीएम ट्यूब प्रत्येक मोजणीनंतर क्षणभर आंधळी असते. खूप जोरदार सोर्सपाशी हे क्षण एकमेकांवर चढतात आणि काही मीटर चक्क शून्यावर येतात. म्हणून संशयित जागेकडे लांबून, आवाज चालू ठेवून, हळूहळू जायचं. टकटक वाढत वाढत अचानक गप्प झाली तर तिथेच मागे फिरा.

बॅकग्राउंड कुठे घेतला?

सगळ्यात जास्त फोन इथेच मिटतात. "बॅकग्राउंड पन्नास आहे मॅडम." कुठे घेतला? "सकाळी, ऑफिसमध्ये." अहो, मोजताय दुपारी, हॉट लॅबमध्ये!

सकाळी स्वच्छ आणि अकराला घाण या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा भिंतीपलीकडच्या बाकावर बसलेलं असतं. बोन स्कॅनचा पेशंट साधारण ७०० मेगाबेकरेल टेक्नेशियम घेऊन दोन-तीन तास तिथे असतो. त्याच्या १४० केईव्हीच्या (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं माप) गॅमा किरणांना आपली साधी विटांची भिंत पुरती अडवत नाही. पेट स्कॅनच्या पेशंटचे ५११ केईव्हीचे फोटॉन तर त्याहून आरपार जाणारे. पेशंट चहाला उठला की तुमचा ओटा "स्वच्छ" होतो. कचऱ्याचा डबा, उघडा राहिलेला लेड पॉट (शिशाचा डबा), कालच्या सिरिंजांची पिशवी यांचंही तेच. आणि हो, स्टाफपैकी कुणाचा स्वतःचाच थॅलियम किंवा बोन स्कॅन नुकता झाला असेल तर प्रोब हातात धरणाराच बॅकग्राउंड असतो. हसू नका, हे झालेलं आहे.

तेव्हा बॅकग्राउंड त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच प्रकारच्या पण न वापरलेल्या पृष्ठभागावर घ्यायचा. पृष्ठभागाचा आग्रह का? ग्रॅनाइट. एका नव्या विभागात हौसेने चकचकीत ग्रॅनाइटचा ओटा बसवला होता. पहिल्या दिवसापासून तो फरशीपेक्षा जास्त वाजायचा. तिथे अजून एकही व्हायल उघडली नव्हती! ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम निसर्गतःच असतं. काही ग्लेझ्ड टाइल्सही झिरकॉनमुळे थोड्या वाजतात. नव्या खोलीत काम सुरू होण्याआधी प्रत्येक पृष्ठभागाचा आकडा घेऊन ठेवला, तर पुढची दहा वर्षं वाद होत नाही.

दुसरी गंमत आकड्यांची. बॅकग्राउंड ५० सीपीएम (मिनिटाला ५० काउंट) आहे आणि ओट्यावर ५८ आले, म्हणून घासायला घेतलं! किरणोत्सर्ग ठरावीक तालात येत नाही. एका मिनिटात ५० मोजले तर त्यात सातेक इकडे-तिकडे होणारच, कारण ५० चं वर्गमूळ सात. दोन्ही मोजण्या एकेक मिनिटाच्या असतील, तर बॅकग्राउंडच्या वर्गमुळाची २.३३ पट वाढ दिसेपर्यंत, म्हणजे इथे साधारण ६७ पर्यंत, "काहीतरी आहे" असं म्हणायलाही आधार नाही. खात्रीने पकडता येईल अशी वाढ ३६ सीपीएमच्या आसपास. दोन्ही दहा-दहा मिनिटं मोजलंत तर हीच मर्यादा ११ सीपीएमवर येते. म्हणून संशय असेल तर जोर नको, वेळ लावा.

प्रोबच घाण नाही ना?

मीटर घेऊन थेट पार्किंगमध्ये जा. तिथेही आकडा चढलेलाच असेल तर डाग प्रोबवर आहे. ओल्या ओट्याला प्रोब टेकवला की हे होतं. जाळी स्पिरिट लावलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसता येते, पण आतली अभ्रकाची खिडकी कागदाहून पातळ असते. तिला बोट किंवा कापूस लागला तर ट्यूब गेली. मी प्रोबच्या तोंडावर स्वयंपाकघरातली पारदर्शक चिकट फिल्म लावते आणि प्रत्येक संशयित जागेनंतर बदलते. आपल्या बीटा-गॅमाला (बीटा म्हणजे पातळ पत्र्याने अडणारे कण) त्याने फरक पडत नाही. अल्फा (कागदानेही अडणारे कण) मोजायचा असेल तर मात्र फिल्म चालणार नाही.

जाता जाता: ट्रिशियमचा (किरणोत्सर्गी हायड्रोजनचा) बीटा इतका दुबळा आहे की तो ही खिडकीच ओलांडत नाही. रिसर्च लॅबमध्ये जीएम फिरवून "ट्रिशियम नाही" असं लिहिणाऱ्यांनी ते पान खोडावं. तिथे वाइप आणि लिक्विड सिंटिलेशनच (नमुना खास द्रवात घालून त्यातली चमक मोजणं) लागतं.

ओलं मोजू नका

"पुसल्यावर उतरतो, मग पुन्हा चढतो" याचं कारण साधं आहे. पाण्याचा पातळ थरसुद्धा बीटा गिळतो. आयोडीन किंवा ल्युटेशियमचे बरेचसे बीटा मिलिमीटरभर पाण्यातच संपतात. फरशी वाळली की तेच पुन्हा दिसायला लागतात. तेव्हा पूर्ण वाळू द्या, प्रोब एक सेंटीमीटरवर धरा आणि सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर एवढाच सरकवा. आवाज चालू ठेवा. काट्यापेक्षा कान लवकर सांगतो.

स्टीलचं ताट

ही तपासणी मला फार आवडते, कारण पैसे लागत नाहीत आणि निकाल लगेच लागतो. प्रोब आणि संशयित जागा यांच्यामध्ये जेवणाचं साधं स्टीलचं ताट सरकवा. काउंट धाडकन पडला तर समोरच्या पृष्ठभागावर बीटा देणारं काहीतरी खरंच आहे. आयोडीन-१३१ आणि ल्युटेशियमचे बीटा एवढ्या स्टीलमध्ये अडकतातच. काउंट फारसा हलला नाही तर तुम्ही गॅमा मोजताय, आणि तो ओट्याखालच्या कपाटातून, भिंतीमागून, कुठूनही येत असेल. मग प्रोबचं तोंड छताकडे करा, चारी दिशांना फिरवा. पाठ केल्यावरही तोच आकडा असेल तर ओट्याला दोष देऊ नका.

टेक्नेशियमला ही युक्ती लंगडी पडते. ते मुळात गॅमाच देतं, आणि जीएम गॅमाचे शंभरातले जेमतेम एक-दोनच पकडतो. पातळ सोडियम आयोडाइड क्रिस्टलचा प्रोब असेल तर टेक्नेशियमसाठी तोच काढा. नसेल तर वाइपकडे जा.

वाइप

फिल्टर पेपरची चकती, १० बाय १० सेंटीमीटरची जागा, मध्यम दाब, नागमोडी एकच फेरा. वाइप हॉट लॅबमध्ये मोजायचा नाही, लांबच्या शांत खोलीत न्यायचा. प्रोबवर भरपूर आणि वाइपवर काहीच नाही, तर दोनच शक्यता: एकतर ते समोरच्या पृष्ठभागावर नाही, किंवा आहे पण पक्कं बसलंय. कुठली ते ताटाने सांगितलेलंच असेल. पक्कं बसलेलं हाताला लागत नाही, पोटात जात नाही. पुसून निघणारंच खरं त्रासाचं.

हिशेब एकदा करून दाखवते. वाइपवर बॅकग्राउंड वजा जाता १२० सीपीएम, म्हणजे सेकंदाला २. मीटरची कार्यक्षमता त्या आयसोटोपसाठी १० टक्के असेल तर वाइपवर २० बेकरेल. वाइप जागेवरचं किती उचलतो हे मोजलेलं नसेल तर १० टक्के धरायची रीत आहे, म्हणजे जागेवर २०० बेकरेल. भागिले १०० चौरस सेंटीमीटर: चौरस सेंटीमीटरला २ बेकरेल. अंदाज यावा म्हणून सांगते, वाहतुकीच्या पॅकेजला बाहेरून बीटा-गॅमाची मर्यादा ४ आहे, तीही ३०० चौरस सेंटीमीटरवर सरासरी काढून. तुमच्या विभागाची मर्यादा लायसन्सच्या कागदांत बघा.

कार्यक्षमता त्या आयसोटोपची हवी, हे मी दर वेळी सांगते. सिझियमवर कॅलिब्रेट केलेल्या मीटरचा आकडा टेक्नेशियमला लावला तर उत्तर चुकणारच.

घड्याळ

सुरुवातीला वेळ लिहायला सांगितलं ते यासाठी. तीच जागा, तेच अंतर, सहा तासांनी पुन्हा मोजा. बॅकग्राउंड वजा केलेला आकडा निम्मा झाला तर टेक्नेशियम. दहावा हिस्सा उरला तर फ्लोरिन, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा व्हायला लागणारा वेळ, ११० मिनिटं. हललाच नाही तर उद्या याच वेळी मोजा: आयोडीन-१३१ चोवीस तासांत आठ टक्के उतरतो, ल्युटेशियम दहा टक्के. तेवढा फरक दिसायला मोजणीही लांब हवी. टेक्नेशियम ज्यातून तयार होतं त्या मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तास. टेक्नेशियम समजून बसलेला डाग त्या वेगाने उतरत असेल, तर सकाळच्या इल्युशनची (जनरेटरमधून काढलेल्या टेक्नेशियमची) ब्रेकथ्रू टेस्ट, म्हणजे त्यात मॉलिब्डेनम उतरलंय का ही तपासणी, खरंच केली होती का ते विचारा.

टेक्नेशियमचा डाग निघत नसेल तर मी घासू देत नाही. प्लास्टिक अंथरून चारी बाजूंनी टेप लावायचा, वर आयसोटोप, आकडा आणि वेळ लिहायची. शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी आठ म्हणजे साठ तास, दहा अर्धायुष्यं, हजाराचा एक. रविवार बसून काढला की काम होतं.

आणि अर्ध्या तासात निम्मा होणारा डाग दिसला तर? पहिल्या पावसाच्या दिवशी एका सहकाऱ्याचा रेनकोट दाराशी वाजला. बिचारा घाबरून दोनदा हात धुऊन आला. तो रेडॉनचा, म्हणजे जमिनीतून हवेत येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूचा, कारभार होता. हवेतल्या रेडॉनची पिल्लं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, पाऊस धुऊन खाली आणतो. थंडीत पॉलिस्टरचे कपडे, वर्षभर एसीचे फिल्टर हाच खेळ करतात. तासभर खुंटीला टांगा आणि पुन्हा मोजा.

खरंच बसलेला आयोडीन

इथवर येऊन काउंट टिकला, ताटाने पडला, वाइपवरही आला, तर आता पुसायची परवानगी. बाहेरून आत, कधीच आतून बाहेर नाही. प्रत्येक पुसण्याला कागदाची नवी घडी. साधा साबण, कोमट पाणी. विभागाचा मॉप आणायचा नाही. मावशींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या प्रेमाने तोच मॉप घेऊन अख्खा कॉरिडॉर फिरतील, आणि मग चूक त्यांची नाही, तुमची.

आता ॲसिड. टॉयलेट क्लीनर असो वा ब्लीच, आयोडीनवर दोन्ही वर्ज्य. आम्ल किंवा ऑक्सिडायझर लागला की विरघळलेला आयोडाइड मूळ आयोडीन होऊन हवेत उडतो. फरशीवरचा डाग तुमच्या थायरॉइडमध्ये जातो. आयोडीन धरून ठेवायला सोडियम थायोसल्फेटचं पाणी लागतं. इथे एक भाषिक सापळा आहे. जुन्या डार्करूमवाल्यांच्या तोंडी थायोसल्फेट म्हणजे "हायपो". वॉर्डातल्या सिस्टर "हायपो" म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. नेमकं उलटं औषध! "हायपो टाका" असं फोनवर कुणी कुणाला सांगू नये. बाटलीवरचं पूर्ण नाव वाचून दाखवायला सांगा.

तीनदा पुसून दर वेळी दहा टक्क्यांहून कमी उतरत असेल तर थांबा. ते टाइलच्या सांध्यात, लाकडात, व्हिनाइलच्या चिरेत मुरलंय. खरवडलंत तर धूळ उडेल आणि जे पक्कं होतं ते सुटं होईल. बेसिनखालचा वाकडा पाइप हे आयोडीनचं लाडकं ठिकाण. वरून कितीही घासा, डाग आत आहे. तो पाइप प्लंबरला परस्पर उघडू देऊ नका. झाका, लिहा, वाट बघा. आयोडीनची दहा अर्धायुष्यं म्हणजे ऐंशी दिवस.

आता हात काढून घ्या

पुढचं काहीही दिसलं तर स्वतः सोडवायला जाऊ नका, आरएसओला बोलवा. तुम्हीच आरएसओ असाल तर लायसन्सच्या अटींप्रमाणे अणुऊर्जा नियामक परिषदेला कळवा:

मीटर सगळ्या रेंजवर टोकाला जातो, किंवा टकटकून गप्प होतो. सीलबंद सोर्स गळतोय, वाकलाय किंवा हरवलाय. अल्फा देणारं काही असल्याची शंका आहे. डाग नियंत्रित भागाबाहेर, लिफ्ट, कॅन्टीन, गाडी, घर, यांपैकी कुठेही गेला. कुणाच्या जखमेवर, डोळ्यांत, तोंडात गेलं. कातडीवरचा डाग साबण-कोमट पाण्याने दोन-तीनदा धुऊनही उतरत नाही. ब्रशने घासू नका, कातडी सोलली की आत जायला वाट मिळते.

आणि हॉस्पिटलबाहेरचं एक. भंगारात किरणोत्सर्गाचं तीन पात्यांचं चिन्ह असलेलं, आकाराच्या मानाने फार जड काही दिसलं, तर मीटर असला तरी जवळ जाऊन मोजू नका. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत असंच विद्यापीठातून भंगारात गेलेलं कोबाल्ट-६० चं यंत्र सुटं केलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. लांब व्हा, लोकांना लांब करा, पोलिसांना कळवा. पुढे अणुऊर्जा विभागाची माणसं येतात.

मला फोन कराल तेव्हा एवढं हाताशी ठेवा: कुठला आयसोटोप, किती वाजता सांडला, त्याच खोलीतला बॅकग्राउंड, ताट घालून आणि न घालता आकडा, वाइपचा आकडा, मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख. आणि खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात घाला, मावशींना सांगितलंय का तेही बघा.